बारा तास, पण कोणते?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांना खुले पत्र

महोदय,

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेण्याचं, आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती घेण्याचंही त्यात होतं. २१ नोव्हेंबरपासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतल्या बऱ्याच गोष्टींचा तपशील राज्याच्या नियमांवर सोपवलेला आहे. या सगळ्या काळात पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, जी चर्चा झाली ती तासांची झाली. किती तास, दुप्पट दर मिळणार का, 'लेखी संमती' म्हणजे सुपरवायझरने पुढे केलेल्या कागदावर सही ना?

चर्चा रास्तच होती. ज्याचं घर लातूरला किंवा नांदेडला आहे आणि जो महाळुंग्यात कॉट बेसिसवर राहतो, त्याला ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, हवाच असतो. त्याला आठ तासांचं महत्त्व पटवायला जाणारा माणूस बहुधा स्वतः दिवसाची नोकरी करून रात्री घरी झोपणारा असतो. मीही त्यातलीच. चिंचवडच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. म्हणून तास नऊ असावेत की बारा, यावर मी आपल्याशी वाद घालायला बसलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे तास चोवीसांपैकी कोणते, आणि आठवड्या-आठवड्याला ते कोणत्या दिशेने सरकतात, याबद्दल जुन्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये जवळपास काहीच नव्हतं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं रेणवीय जीवशास्त्र मात्र सांगतं की रक्तातली साखर आणि रक्तदाब बिघडायला सुरुवात होते ती याच दोन गोष्टींपाशी.

वर्गात मी हा विषय फळमाशीपासून सुरू करते. १९७१ साली अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सिमोर बेंझर यांना अशा माश्या सापडल्या ज्यांचा दिवस चोवीस तासांचा नव्हता. काहींचा एकोणीस तासांचा, काहींचा अठ्ठावीस, काहींना तर दिवसाचा पत्ताच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्याचं नाव 'पिरियड'. १९८४ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांनी ते जनुक वेगळं काढलं आणि पुढच्या वर्षांत त्याची कामाची रीत उलगडली. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. रीत अशी की हे जनुक एक प्रथिन बनवतं, ते पेशीत साठत जातं, आणि पुरेसं साठलं की केंद्रकात शिरून स्वतःच्याच जनुकाचं काम थांबवतं. मग ते प्रथिन हळूहळू मोडून जातं आणि जनुक पुन्हा सुरू होतं. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो ना, टाकी भरली की तोच नळ बंद करतो आणि पाणी उतरलं की तोच उघडतो, अगदी तसं. फरक इतकाच की या टाकीची एक भरती-ओहोटी जवळजवळ चोवीस तासांत होते. माणसात हेच काम 'पर' आणि 'क्राय' ही प्रथिनं करतात, त्यांना चालू करणारी जोडी 'क्लॉक' आणि 'बीमॅल-वन'. आणि ही यंत्रणा फक्त मेंदूत नसते. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, जवळपास सगळीकडे ती स्वतंत्र चालू असते.

आता रात्रपाळीचं दुखणं कुठे आहे ते पाहा. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. दृष्टिपटलातल्या काही पेशी केवळ उजेडाची वर्दी देण्यासाठी असतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झालं. यकृतातलं घड्याळ मात्र जेवणाच्या वेळेकडेही बघतं. नाईट लागली की माणूस रात्री दोनला जेवतो आणि सकाळी सातला कंपनीच्या बसमधून ऊन डोळ्यांवर घेत घरी जातो. यकृताला वाटतं दिवस रात्रीच होता, मेंदूला वाटतं दिवस आत्ता उजाडतोय. दोघांची फारकत होते, आणि ती जुळायच्या आत आठवडा संपून शिफ्ट बदललेली असते.

हे अंदाजाने सांगत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये आठ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत काही दिवस रात्रपाळीसारखं जागवलं आणि त्यांच्या रक्तपेशींतली जनुकं तपासली. दिवसाच्या लयीत चालणाऱ्या जनुकांपैकी सुमारे २५ टक्क्यांची लयच गेली. ७३ टक्के जनुकं जुन्या, दिवसाच्या वेळापत्रकालाच चिकटून राहिली. नव्या वेळेशी थोडंफार जुळवून घेतलं ते ३ टक्क्यांहूनही कमी जनुकांनी. 'सवय होते हो नाईटची' असं आपल्याकडे जो तो म्हणतो, आणि म्हणणाऱ्याला खरंच तसं वाटत असतं. झोप येत नाही याची सवय होतेही. पेशींना होत नाही.

आजाराचा पुढचा दुवाही आता बराच कळला आहे. २०१० मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जोसेफ बास यांच्या गटाने उंदरांच्या स्वादुपिंडातलं हे घड्याळ बंद पाडलं, बाकी शरीर तसंच ठेवलं. उंदरांना मधुमेह झाला. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी जिवंत होत्या, पण साखर वाढल्यावर इन्सुलिन सोडायचं काम त्यांना नीट जमेना. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, पण त्याच्या जवळ जाणारा एक झाला. २००९ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक शीअर यांनी दहा जणांचा दिवस प्रयोगशाळेत अठ्ठावीस तासांचा केला. त्यामुळे काही दिवसांतच त्यांचं जेवण-झोप आणि आतलं घड्याळ बरोबर उलटं झालं. रक्तातली साखर ६ टक्के वाढली, इन्सुलिन २२ टक्के वाढलं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १७ टक्के घटलं, रक्तदाबही चढला. ज्यांची जेवणानंतरची साखर मोजता आली त्या आठांपैकी तिघांची मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी दिसली. ही माणसं धडधाकट होती आणि त्यांना कोणी लाईनवर उभं केलेलं नव्हतं.

हे झालं अमेरिकेतल्या माणसांचं. आपल्या मुलांची सुरुवातच थोडी मागून होते, आणि हे पुण्यातच सिद्ध झालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्याआधी, १९९३ पासून, पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण त्यांची चरबी मात्र वजनाच्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त. मधुमेहाला लागणारी जमीन जन्मापासूनच तयार. ती पिढी आज तिशीत आहे, महोदय. जिल्ह्याजिल्ह्यांतून, आयटीआय करून, ट्रेनी म्हणून किंवा कंत्राटदारामार्फत चाकणला जी मुलं लागतात ती याच वयाची आहेत. भरतीच्या वेळी डॉक्टर वजन बघतात, छाती बघतात, डोळे बघतात. पोरगा सडसडीत असला की फिट.

आता कॅन्टीनबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त आशा तिथेच दिसते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये शीअर यांच्याच गटाने, सारा चेलप्पा यांच्या पुढाकाराने, एक साधा प्रश्न विचारला. माणूस रात्री जागला, काम केलं, पण जेवला मात्र दिवसाच, तर? एकोणीस तरुणांचे दोन गट केले. दोघांनाही रात्रपाळी सारखीच. जे रात्री जेवले त्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली. जे फक्त दिवसा जेवले त्यांची वाढली नाही. एकोणीस माणसं म्हणजे फार नाहीत, आणि प्रयोगशाळा म्हणजे प्रेस शॉप नव्हे. तरी हे उत्तर इतकं स्वच्छ आहे की ते बाजूला सारता येत नाही.

आणि आपल्याकडे काय होतं? थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, कॅन्टीनची मुख्य वेळ साधारण दोनची. स्टीलच्या कप्प्याच्या ताटात भाताचा डोंगर, डाळ, चार चपात्या, बटाट्याचा रस्सा, सणावाराला जिलबी किंवा गुलाबजाम, आणि त्यावर साखरेने घट्ट झालेला चहा. पाच मिनिटांत ताट रिकामं, कारण अर्ध्या तासात लाईन सुरू व्हायची असते. कॅन्टीनवाल्याला दोष नाही. उलट ते ताट कंपनीच्या सवलतीमुळे मिळणारं त्या पोराचं दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण असतं. खोलीवर गॅस नाही, खानावळ रात्री दहाला शटर ओढते, आणि तो साडेदहाला बसच्या थांब्यावर असतो. त्याला 'रात्री जड खाऊ नका' असा सल्ला देणारं पोस्टर फॅक्टरीच्या भिंतीवर लावणं म्हणजे त्याची चेष्टा आहे. बदल वेळापत्रकात व्हायला हवा. रात्रपाळीच्या माणसाला मुख्य जेवण पाळी सुरू होण्याआधी किंवा सुटल्यावर सकाळी मिळावं, त्याच सवलतीच्या कुपनावर, आणि मधल्या रात्री ताक, फुटाणे, उकडलेली अंडी, एखादं फळ, असं हलकं काही. रात्रभर उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही. ज्यांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांचं तर डॉक्टरांनीच ठरवायचं. जुन्या कायद्यात २५० हून जास्त कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीनची सक्ती करता येत होती, नव्या संहितेत शंभर किंवा अधिक कामगार असले की ती तरतूद लागू होऊ शकते, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. म्हणजे अनेक छोट्या व्हेंडरांच्या शेडमध्ये पहिल्यांदाच कॅन्टीन येईल. ती कशी चालावीत याचे नियम आपल्याच खात्यात लिहिले जाणार आहेत. कॅन्टीनच्या नियमांत बसायला बाक, भांडी धुवायची सोय, भिंतींचा रंग इतकं बारीक लिहिलेलं असतं. त्यात रात्रीच्या जेवणाच्या वेळेचं एक वाक्य बसेल.

दुसरी गोष्ट शिफ्ट कशी फिरते याची. आपल्या पट्ट्यात पाळी बहुतेक ठिकाणी आठवड्याने बदलते, गुरुवारची सुट्टी मध्ये धरून. काही कारखान्यांत फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड. काही ठिकाणी उलटं, फर्स्टनंतर थेट थर्ड, मग सेकंड. हे कोणी ठरवलं, असं विचारलं तर 'पहिल्यापासून असंच आहे' एवढंच उत्तर येतं. पण शरीराला या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. बाहेरचा उजेड काढून टाकला तर माणसाचा आतला दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा असतो, हे १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स सायस्लर यांनी मोजलं. आपलं घड्याळ मुळातच किंचित मागे पडणारं आहे. म्हणून झोप उशिरा ढकलणं सोपं, अलीकडे ओढणं अवघड. फर्स्ट, सेकंड, थर्ड या क्रमात झोप प्रत्येक वेळी पुढे सरकते. उलट्या क्रमात ती दर आठवड्याला मागे खेचली जाते.

याच सायस्लर यांनी १९८२ मध्ये, म्हणजे नोबेलवाल्या मंडळींनी जनुक वेगळं काढण्याच्याही आधी, अमेरिकेतल्या युटा राज्यात एका खनिज कारखान्यात ही कल्पना वापरून पाहिली. ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरचा कारखाना, कामगार तीन पाळ्यांचे, पाळी दर आठवड्याला आणि उलट्या दिशेने फिरणारी. त्यांनी दिशा बदलली आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलायला लावली. कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी घटल्या, नोकरी सोडून जाणारे कमी झाले, आणि व्यवस्थापनाला ऐकायला आवडेल असं, उत्पादन वाढलं. यंत्र एकही बदललं नाही. पाळी तीन आठवड्यांनी बदलावी की दोन-तीन दिवसांनी, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत, आणि युरोपात भरभर फिरणाऱ्या पाळीकडे कल आहे. दिशेबद्दल मात्र फारसा वाद नाही. चाकणच्या कंपन्यांत कायझेन आणि फाइव्ह-एसचे फलक कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. नट घट्ट करताना हात किती सेंटिमीटर फिरतो हे मोजणारे इंजिनिअर आहेत. पाळीची दिशा त्यांच्या मोजमापातून कशी सुटली याचं मला खरोखर नवल वाटतं.

आता आपल्या बारा तासांकडे येते. समर्थक म्हणतात, चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुट्टी, कामगाराचंही भलं. हिशोब करून पाहू. तीन पाळ्यांत माणसाला सहा आठवड्यांत दोन आठवडे रात्र लागते, सहा दिवसांच्या आठवड्याने बारा रात्री. बारा तासांच्या दोन पाळ्यांत तीन आठवडे रात्र, पण चार दिवसांच्या आठवड्याने पुन्हा बाराच. बरोबरी. पण १४४ तासांचा ओटी म्हणजे तिमाहीत बारा तासांच्या बारा जादा पाळ्या, आठवड्याला जवळपास एक. तो धरला आणि त्यातल्या निम्म्या पाळ्या रात्रीच्या मानल्या, की सहा आठवड्यांत बाराच्या पंधरा रात्री होतात, आणि यातली प्रत्येक रात्र आठ तासांची नसून बारा तासांची. त्यावर येण्या-जाण्याचा वेळ. चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी अडकलेल्या बसमध्ये बसून पाहा. सातला सुटलेला माणूस साडेआठला खोलीवर पोहोचतो. खोली पत्र्याची, एप्रिलमध्ये अकरानंतर आत बसवत नाही. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं, आणि कॉटवर त्याच्या आधी दुसऱ्या पाळीचा कोणी झोपून गेलेला. संध्याकाळी सातला पुन्हा गेटवर. यात झोपेला उरतं काय?

म्हणून माझी मागणी अशी की बारा तासांची परवानगी द्यायचीच असेल, तर सलग किती रात्री, याला मर्यादा घाला, आणि ओटीचे तास रात्रीच्या पाळीला जोडायला मनाई करा. ओटी दिवसाच्या पाळीत घ्यावा. कामगाराचे पैसे कमी होणार नाहीत. कंपनीच्या बसच्या खिडक्यांना गडद पडदे लावणं तर कायद्याशिवायही होईल. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं नाही की घरी जाऊन झोप लागायला मदत होते. खर्च काही हजारांचा.

स्त्रियांबद्दलही लिहायला हवं, कारण नव्या संहितेने संमतीने रात्रपाळी त्यांना खुली केली आहे. मला ते मान्य आहे. संरक्षणाच्या नावाखाली नोकरी नाकारणं हा न्याय नव्हे. आपल्याकडे चर्चा होते ती गाडीची, सीसीटीव्हीची, सुरक्षा रक्षकाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं, ही गोष्ट कोणी काढत नाही. 'बहुधा' या शब्दाला इथे वजन आहे. स्तनाच्या कर्करोगाबाबतचे अभ्यास एकमुखी नाहीत, ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात संबंध आढळला नाही. तरीही डेन्मार्कने वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्या काही महिलांना नुकसानभरपाई दिली. मुलींना घाबरवून घरी बसवायचं नाही. संमतीच्या कागदावर ही माहिती मराठीत असावी, आणि वार्षिक तपासणीत स्तनांची तपासणी असावी.

वार्षिक तपासणीचा उल्लेख आला म्हणून सांगते. नव्या संहितेत मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ती उत्तम आहे, पण त्यात उपाशीपोटीची साखर, एचबीए-वन-सी आणि रक्तदाब यांच्या शेजारी एक रकाना असा हवा, की गेल्या बारा महिन्यांत या माणसाने किती रात्री काम केलं. आज हा आकडा हजेरीच्या संगणकात आहे आणि साखरेचा आकडा डॉक्टरांच्या फायलीत. दोन्ही एका कागदावर आले तर पाच वर्षांत पिंपरी-चिंचवड आणि चाकण मिळून जगात कुठेही नसेल अशी माहिती आपल्याकडे जमेल. त्यासाठी परदेशातल्या आठ आणि एकोणीस माणसांवर विसंबावं लागणार नाही. कंत्राटी कामगारांना यातून वगळलं तर मात्र सगळंच व्यर्थ, कारण रात्री लाईनवर जास्त तेच असतात.

अंमलबजावणी अवघड आहे असं आपले अधिकारी म्हणतील. तसं ते नाही. १९४८ च्या कायद्याच्या कलम ६१ नुसार कामाच्या वेळांची नोटीस कारखान्यात लावायची आणि तिची प्रत निरीक्षकाकडे द्यायची, हे सत्तर-पंचाहत्तर वर्षं चालत आलं आहे. कोणता गट कोणत्या आठवड्याला कोणत्या पाळीत, हे तिच्यावर असतंच. पाळीची दिशा त्या कागदावर आजही वाचता येते, फक्त ती वाचायला कोणाला सांगितलेलं नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाला धुळीचं मोजमाप करायला यंत्र लागतं. यासाठी चष्मा पुरे.

राज्याच्या नियमांच्या मसुद्यावर हरकती व सूचना घेताना एक जाहीर सुनावणी आमच्याकडेही ठेवा, अशी विनंती आहे. मंत्रालयात सकाळी अकरा वाजता ठेवलेल्या सुनावणीला थर्ड शिफ्टचा माणूस येऊ शकत नाही. भोसरीत ठेवा, गुरुवारी, दुपारी चारनंतर. तोवर त्यांची झोप झालेली असेल.

आपली,
जीवशास्त्राची एक अध्यापिका, चिंचवड